घोडा गाडीला शिकवून देणारे: कोण घ्यावा, कोण टाळावा

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा अकलूजच्या बाजारात घोडा बघायला गेलं की ‘गाडीला चालतो’ हे हमखास ऐकायला मिळतं. घरी आणून जुंपल्यावर कळतं, की तो चालतो ते फक्त तबेल्याच्या दिशेने. मग शिकवणाऱ्याची शोधाशोध सुरू होते.

हे काम करणारे साधारण तीन प्रकारचे. शर्यतीच्या गाड्या पळवणारे घोडा झटपट तयार करतात, पण पळायला. लगाम ताणला की वेग वाढवायचा ही सवय रहदारीत जीवावर बेतते. स्टड फार्मवरचे स्वार बसायला उत्तम शिकवतात. मात्र पाठीवर माणूस बिनतक्रार घेणारा मारवाडी जातीचा घोडा मागे खडखडणारं धूड सहन करेलच असं नाही. आमचा कौल जुन्या टांगेवाल्यांना. गावोगावचे टांगे रिक्षांनी संपवले, २०१५ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. त्यामुळे असे हात थोडे उरलेत. नालबंदाला विचारा, त्याला ठाऊक असतात.

तरी टांगेवाला म्हणून डोळे मिटून घोडा सोपवू नये. ‘आठ दिवसांत जुंपून देतो’ म्हणणाऱ्याला लगेच रामराम करावा. कोरा, तीन वर्षांचा घोडा नीट व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि त्यातले पहिले दोन-तीन आठवडे गाडी दिसतच नाही. चांगला शिकवणारा लांब लगाम धरून मागून चालतो आणि डावं, उजवं, थांब, मागे एवढंच घटवून घेतो, तेही रोज वीस-तीस मिनिटं. मग दोराने टायर ओढायला देतो. दोर घोड्याला पक्का बांधलेला नसतो. टोक दुसऱ्या माणसाच्या हातात, घोडा बिथरला की सोडून द्यायला.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: दोन्ही अंगांना बांबू बांधून वळवणं. गाडीच्या दांड्यांमध्ये घोड्याला अंग वाकवता येत नाही, पाय आडवे टाकत वळावं लागतं. बाहेरची दांडी खांद्याला रेटते ते त्याला आधी माहीत नसलं, तर पहिल्याच वळणावर तो लाथा झाडतो किंवा उभा राहतो. बांबूंची सवय झाली की मऊ रानात रिकामी गाडी, तोंडापाशी एक माणूस. डांबरी सडक सर्वांत शेवटी.

ठरवण्याआधी त्याला त्याचा स्वतःचा घोडा जुंपायला सांगा आणि हात बघा. दांड्या अडकवल्यावर आधी जोत (गाडी ओढायचे पट्टे), मग मागचा पट्टा, शेवटी पोटपट्टा. सोडताना बरोबर उलट. गाडी लागलेली असताना लगाम किंवा डोळ्यांची झापडं काढणारा माणूस कितीही अनुभवी असो, नको. मागचं चाक एकदम दिसलं की घोडा उधळतो आणि धरायला हातात काहीच उरत नाही. छातीपट्टा श्वासनळीच्या खाली, खांद्याच्या टोकाच्या वर हवा. दुमचीत, म्हणजे शेपटीखालच्या पट्ट्यात, केस अडकले, तरी शांत घोडा लाथाळ ठरतो. गाडीवर माणूस बसल्यावर दांड्या जवळजवळ तरंगत्या राहिल्या पाहिजेत. उलाळ झाली, म्हणजे भार मागे गेला, तर पोटपट्टा वर ओढला जातो, पुढे भार पडला तर पाठ सोलते.

आणखी एक कसोटी. जुंपलेला घोडा माणूस चढेपर्यंत उभा राहतो का? चढता चढता सुटणारा घोडा अर्धवट शिकलेला. विकणारे त्याला ‘तेज’ म्हणतात, तो भाग वेगळा.

काटेरी लगाम खुंटीला दिसला तर मागे फिरा. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी त्यावर बंदी आहे, आणि तोंड एकदा निबर झालं की नंतर कुणाचा हात लागू पडत नाही. तीन वर्षांखालचं शिंगरू गाडीला घेणाराही नको.

घोडा तिकडे ठेवणार असाल तर धनुर्वाताची लस टोचून घ्या, आणि तिथल्या जनावरांचे ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचे रिपोर्ट मागा. चारा, नाल आणि औषध पैशात धरलंय का, हे आधीच बोलून घ्यावं. वाद तिथेच होतात. शेवटच्या आठवड्यात लगाम मालकाच्या हातात आणि शिकवणारा शेजारी बसलेला, ही अट घाला. निम्मे पैसे त्यानंतर.