फ्रीसलँडची भाड्याची बोट: बोटीला चार तारे, बोटवाल्याला दोन

चावी देताना बोटवाल्याने बजावलं, "टाकीत चारशे लिटर पाणी आहे. चौघांना दोन-तीन दिवस जाईल, मग धक्क्यावर भरून घ्या." मी ह्यांच्याकडे बघितलं. सोलापुरात आम्ही हद्दवाढ भागात राहतो. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री दोनला. चारशे लिटर तीन दिवसांत संपवायचं कसं?

लेक-जावई नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला असतात. जूनमध्ये गेलो तेव्हा जावयांनी उत्तरेकडे फ्रीसलँडमध्ये सात दिवसांसाठी बोट घेतली. दहा मीटरची, पोलादी, दोन खोल्या, ओटा, संडास सगळं आत. डिझेल इंजिनच्या तासांवर वेगळं. 15 मीटरपेक्षा लहान आणि ताशी 20 किलोमीटरच्या आत चालणाऱ्या बोटीला तिथे परवाना लागत नाही. त्यामुळे जन्मभर लूना चालवलेल्या आमच्या ह्यांच्या हातात सुकाणू आलं!

तक्रार इथेच. शिकवणी वीस मिनिटांची. बोटीला ब्रेक नसतो, थांबायला रिव्हर्स टाका, एवढं सांगितलं. लॉकबद्दल अवाक्षर नाही. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद, त्यातलं पाणी कमी-जास्त करून बोट वरखाली नेतात. मी दोरी खुंटाला गच्च गाठ मारून बांधली, म्हैस बांधतात तशी. पाणी हातभर उतरेपर्यंत दोरी ताठ, बोट एका अंगाला कललेली, कप ओट्यावरून खाली. आमचा आरडाओरडा ऐकून लॉकवाल्याने पाणी थांबवलं. मग शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्या बाईने हातवारे करून दाखवलं: खुंटाला नुसता वेढा घाला, टोक हातात ठेवा, पाणी उतरेल तशी दोरी सोडत जा. पाच मिनिटांचं काम!

तिसऱ्या दिवशी बोटीचं नाक बाजूला वळवणारी छोटी मोटर बंद पडली. फोन केला तर म्हणे, तिच्यावाचूनही चालते. चालते हो, पण धक्क्याला लावताना जावयांचा घाम निघाला. भाड्यात एक युरो कमी केला नाही.

बाकी मजा. स्नेक गावात 1613 सालचा, दोन मनोऱ्यांचा पाण्यावरचा दरवाजा बघितला. पुढे बोटींसाठी पूल उघडणाऱ्या एका माणसाने गळाच्या काठीला बांधलेला लाकडी जोडा आमच्यासमोर सोडला, टोलची नाणी त्यात टाकायची. मी आरतीच्या ताटात टाकावीत तशी टाकली. दुपारी काही पूल जेवणासाठी बंद असतात, आमची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तेव्हाच निघायची. स्नेकजवळ कालवा वरून आणि हमरस्ता खालून जातो. आम्ही चहा पितोय आणि पायाखालून ट्रक पळतायत.

लेमर गावचं पंपघर मात्र चुकवू नका. 1920 सालचं, वाफेवरचं, 1998 पासून जागतिक वारसा यादीत, आणि गरज पडली की अजूनही चालतं. मिनिटाला सुमारे 40 लाख लिटर पाणी उपसतं. कशाला? जमीन बुडू नये म्हणून बाहेर आयसलमीर सरोवरात टाकून द्यायला! हे त्या चाकांपुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "उजनीऐवजी इथून पाइपलाइन टाकायला पाहिजे होती."

सातव्या दिवशी बोट परत केली. टाकी मध्ये एकदाही भरली नव्हती. तांब्या आम्ही घरूनच नेला होता. काटा अजून शून्याच्या वर बघून बोटवाल्याला तो अडकल्यासारखा वाटला असावा, त्याने काचेवर दोनदा टिचकी मारली.