नवराबायकोसाठीचा ऑनलाइन बायबल कोर्स, आमचा अनुभव

मी आणि मिस्टरांनी मिळून सहा आठवड्यांचा हा कोर्स केला, विषय ख्रिस्ती पुरुष कसा असावा, स्त्री कशी असावी आणि आजचं कल्चर दोघांना कुठे ओढतंय. इफिसकरांस पत्राचा 5वा अध्याय इतका छान शिकवला ना की काय सांगू! आपण कायम 22व्या वचनापासून सुरू करतो, बायकांनो नवऱ्याच्या अधीन असा, पण सरांनी आधी 21वं वाचायला लावलं, एकमेकांच्या अधीन असा, आणि सांगितलं की सर्वात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत 22 मध्ये ते क्रियापदच नाहीये, 21 मधूनच घ्यायचं. मग 25वं, ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला दिलं तसं प्रेम नवऱ्याने करायचं. तिथे यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ गप्पच बसले. उत्पत्ती 2:18 मध्ये स्त्रीसाठी आलेला साहाय्यक, म्हणजे हिब्रू 'एझेर', तोच शब्द स्तोत्र 121 मध्ये देवासाठी आलाय, हे ऐकून मला खरंच रडू आलं, इतकी वर्षं मी त्याचा अर्थ हाताखालची असाच धरला होता.

कल्चरचा भाग मात्र कच्चा वाटला. सगळा राग बायकांच्या नोकरीवर आणि कपड्यांवर, पण पैसा आणि बॉडी म्हणजेच मर्दानगी असं मुलांना शिकवणाऱ्या रील्सबद्दल एक शब्द नाही, ते पण कल्चरच आहे ना? रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायातली मंडळीची सेविका फिबी दोन मिनिटांत उरकली, अविवाहितांसाठी तर काहीच नाही, ते पत्र लिहिणारा पौल स्वतः अविवाहित असून.

तरी जोडीने करा, एकट्याने नको. 5 पैकी 4 स्टार.