प्रो ग्रेड म्हणून वापरलेली कॅसेट गळ्यात मारली, मिनी डीव्ही घेणाऱ्यांनी बघून घ्या

पुतण्याला जुन्या कॅमेऱ्याचं वेड लागलंय, काका तुमचा तो कॅसेटवाला हँडीकॅम काढा की, शिवजयंतीचे चित्ररथ त्याच्यावरच शूट करूया म्हणून मागंच लागला. आपल्या बेळगावची मिरवणूक म्हणजे पहाट होतीय, मिनी डीव्ही म्हणजे त्या हँडीकॅमची छोटी कॅसेट, एकीवर ६० मिनिटं, म्हणून ४ तरी पाहिजेत. खडेबाजारच्या अंगाला एका दुकानात (नाव लिहित नाही) मिळाल्या. साधी २०० ला, प्रो ग्रेड ३५० ला. "प्रोमध्ये कलर भारी येतंय बघा, रात्रीचं पण एकदम क्लिअर."

इथंच मला उठून यायला पाहिजे होतं. मी एके काळी लग्नाची शूटिंगं केलेला माणूस, डीव्ही म्हणजे डिजिटल व्हिडिओ, त्यात चित्र आकड्यांत लिहिलं जातंय, सेकंदाला २५ मेगाबिट, साध्या कॅसेटवर तेवढंच आणि महागड्यावर पण तेवढंच, कलर न् क्लिअर ठरवतंय लेन्स आणि सेन्सर, हे मला पाठ होतं. चांगल्या ग्रेडच्या टेपचा लेप नीट असतोय त्यामुळं ड्रॉपआउट कमी, म्हणजे मधीच चित्र चौकोन चौकोन फुटतंय न् आवाज गचके खातोय ते कमी, बास. पण वरचं चकचकीत प्लास्टिक बघून भुललो आणि १४०० मोजले. बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.

रात्री घाईत पहिली कॅसेट घातली, टाइमकोड (टेपवर किती मिनिटांवर आहोत तो आकडा) ४१ मिनिटांवर. नवीन कॅसेट शून्यावरनं सुरू होतीय, तरी गर्दीत लक्षच गेलं नाही. घरी येऊन लावलं तर ढोलताशाच्या मधी सगळे चौकोनच चौकोन, आणि आमचं शूटिंग संपलं तिथनं पुढं कुणाचा तरी साखरपुडा सुरू! वापरलेल्या कॅसेटी परत प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकल्या की हो. वर कॅमेऱ्याचं हेड (टेप वाचणारा भाग) पण घाण झालं, क्लीनिंग कॅसेट १० सेकंद फिरवून बघितली, दोनदा, तेव्हा कुठं जरा सुधारलं.

दुकानदार काय म्हणाला माहितीय? तुमचा कॅमेराच जुना आहे.

घेणार असाल तर कॅमेरा सोबत न्या आणि दुकानदारासमोरच प्लास्टिक फाडा. व्हीसीआर मोडवर (कॅसेट बघायचा मोड) सुरुवातीला, मधी, शेवटाला प्ले करून बघा, कोरी असली तर काहीच दिसायचं नाही. लेबलच्या जागी डिंकाचा चिकटा आहे का बोट फिरवून बघा. आणि एलपी मोडवर (टेप हळू फिरवून जास्त वेळ शूट करायचा मोड) ९० मिनिटं बसतात म्हणून कोण सांगितलं तर जुन्या टेपवर ते करू नका, ट्रॅक म्हणजे टेपवर चित्र लिहिलेली पट्टी अजून बारीक होतीय, आहे त्या ड्रॉपआउटमध्ये भर.

त्या साखरपुड्यात एक नऊवारीतली आज्जी कॅमेऱ्याकडं बघून सारखी हसतीया, मागं कौलारू घर, दारात टीव्हीएस मोपेड. पहिला अर्धा भाग आमच्या चित्ररथाखाली गेला, बाकीचं मी पुसलेलं नाही. कुणाचं असेल तर सांगा, कॉपी करून देतो.