‘संपूर्ण’ मोपासां, 599 रुपये

तीन तारे देतेय. दोन फ्रेंच कथाकार मोपासांचे, एक डिलिव्हरीचा, कारण भर पावसात येऊनही खोका आतून कोरडा होता. पुस्तक छापणाऱ्यांच्या वाट्याला काही उरलं नाही.

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणीतरी एका परदेशी कथाकारावर बोलतं. लू शुन झाला, कॅथरीन मॅन्सफिल्ड झाली, श्रावणात मोपासां माझ्या वाट्याला आला. ऑनलाइन शोधताना ‘संपूर्ण कथा’ असा एक जाडजूड इंग्रजी ठोकळा दिसला, मागवला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सव्वा किलो भरला. अक्षर मुंगीएवढं, बांधणी नुसत्या गोंदाची. तिसऱ्या दिवशी पहिली वीस पानं हातात आली. तेही चालवून घेतलं असतं. पण अनुवादकाचं नाव कुठेच नाही, कथांची मूळ फ्रेंच नावं नाहीत, सालं नाहीत. बँकेत 31 वर्षं काढली आहेत मी. सही नसलेला चेक समोर आला की जे होतं, तेच झालं.

तरी तयारी केली. ‘व्हीनस ऑफ ब्रानिझा’ नावाची कथा निवडली, छोटी आणि चटकदार म्हणून. ब्रानिझा गावातला, तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाचा एक प्रकांड पंडित आणि त्याची देखणी बायको. मंडळी खूश. घरी येताना रिक्षात मात्र माझ्याच डोक्यात खुट्ट झालं. नॉर्मंडीचे चिक्कू शेतकरी, सेन नदीतल्या होड्या, पॅरिसचे कारकून, ह्या गोतावळ्यात हा पंडित आला कुठून?

मग ताळा जुळवायला बसले. मोपासांच्या बहुतेक कथा पुस्तकात जाण्याआधी वर्तमानपत्रांत यायच्या, ‘ल गोल्वा’ आणि ‘जील ब्लास’मध्ये. त्यामुळे तारखा सापडतात. उसन्या हाराची ती प्रसिद्ध कथा, ‘ला पारूर’, 17 फेब्रुवारी 1884ची. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संकेतस्थळावर असे जुने अंक फुकट चाळता येतात. फ्रेंच मला येत नाही, पण शीर्षक, तारीख आणि शेवटची सही बघायला भाषा कशाला लागते! सहीनेच घोळ घातला खरा. ‘जील ब्लास’मध्ये हा गडी ‘मोफ्रिन्यूझ’ या टोपणनावाने लिहायचा, हे कळेपर्यंत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

ब्रानिझा कुठेच नाही. असणार कशी? 1903 साली अमेरिकेत मोपासांचा इंग्रजी संच निघाला, त्यात त्याच्या नसलेल्या कथाही बिनदिक्कत घुसडल्या होत्या. फ्रान्सिस स्टीगमुलर या अमेरिकन अभ्यासकाने 1949 साली मोपासांवरच्या आपल्या पुस्तकात अशा 65 कथा उघड्या पाडल्या. त्याला पाऊणशे वर्षं झाली. जुन्या मजकुराचे हक्क संपलेले, उचलायला पैसे पडत नाहीत, म्हणून माझ्या ठोकळ्यात तो जसाच्या तसा आलाय. निदान यादी तरी ताडून बघायची!

नुसतं वाचायला हवं असेल तर घ्या. ‘बूल द स्वीफ’ एकटी पैसे वसूल करते. 1880 साली ही कथा आली आणि तेव्हा कारकुनी करणाऱ्या तिशीच्या मोपासांचं नाव झालं. कुठे बोलायचं किंवा लिहायचं असेल तर मात्र अनुवादकाचं नाव आणि मूळ शीर्षकं असलेली प्रत बघा, पातळ असली तरी चालेल.

परत करायची मुदत उलटून गेलीय. आता पेन्सिल घेऊन अनुक्रमणिकेत फुल्या मारत बसते.

पुढच्या महिन्यात उभं राहून सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “ताई, असू दे खोटी. पण त्या पासष्टांतली अजून एखादी सांगा की!”