लाभ कपातीनंतरचे मॅग्नस कार्ड: वर्षाहून अधिक काळ वापरल्यानंतरचा अनुभव आणि हिशेब

ॲक्सिस बँकेचे मॅग्नस हे क्रेडिट कार्ड मी लाभ कपातीच्या आधीपासून वापरत आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले तेव्हा अनेकांनी ते तडकाफडकी बंद केले. मी मात्र ते वर्षाहून अधिक काळ मुख्य कार्ड म्हणून चालू ठेवले. नियम बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात घेतलेल्या निर्णयात रागाचा वाटा मोठा असतो, आणि आपल्या घरचा खर्च नव्या नियमांत नेमका कसा बसतो हे समजायला सणवार, शाळेची फी, सुट्टीतला प्रवास आणि एखादी मोठी खरेदी असे सगळे एकदा होऊन जावे लागते. आता नूतनीकरणाची वेळ आल्यावर सगळी स्टेटमेंट्स समोर ठेवून हिशेब मांडला. तो इथे देत आहे, कारण अशाच पेचात असलेल्यांना त्याचा उपयोग होईल.

आधी काय होते ते सांगणे आवश्यक आहे. जुन्या मॅग्नसची वार्षिक फी १०,००० रुपये अधिक जीएसटी होती आणि तितक्याच रकमेचे टाटा क्लिक या ऑनलाइन खरेदीच्या साइटचे व्हाउचर मिळत असल्याने फी जवळपास भरून निघत असे. दर २०० रुपयांच्या खर्चावर १२ एज रिवॉर्ड पॉइंट, म्हणजे बँकेचे बक्षीस गुण, मिळत आणि एका महिन्यात एक लाख रुपये खर्च झाले की वर २५,००० पॉइंट जमा होत. म्हणजे एक लाखावर ६,००० आणि २५,००० असे एकूण ३१,००० पॉइंट. ते विमान कंपन्यांच्या किंवा हॉटेलांच्या सदस्य योजनांमध्ये ५:४ या प्रमाणात (पाच पॉइंटचे चार माइल्स; माइल्स म्हणजे त्या योजनांचे गुण, ज्यांवर तिकीट किंवा खोली घेता येते) हलवता येत असल्याने महिन्याकाठी २४,८०० माइल्स हाती येत. एक माइल एक रुपयाचा असे अगदी जपून धरले, तरी खर्चाच्या जवळपास पाव रकमेइतका परतावा होता.

नव्या नियमांत महिन्याचे २५,००० पॉइंट पूर्णपणे गेले. हलवण्याचे प्रमाण ५:४ वरून ५:२ झाले. फी १२,५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १४,७५० रुपये झाली आणि ती माफ होण्यासाठीची वार्षिक खर्चाची अट १५ लाखांवरून २५ लाखांवर गेली. नूतनीकरणाचे व्हाउचरही थांबले. नव्या ग्राहकाला पहिल्या वर्षी १२,५०० रुपयांचे व्हाउचर मिळते, जुन्याला नाही. या सगळ्याचा एकत्रित परिणाम पाहिला की चित्र स्पष्ट होते: त्याच एक लाखाच्या खर्चावर आता ६,००० पॉइंट, म्हणजे २,४०० माइल्स मिळतात. पूर्वीच्या २४,८०० च्या तुलनेत हा दहावा हिस्सादेखील नाही. पॉइंट माइल्समध्ये न हलवता व्हाउचरसाठी वापरले तर एक पॉइंट २० पैशांचा पडतो आणि ६,००० पॉइंटचे १,२०० रुपये होतात.

इथे बँकेची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दुकानदाराकडून कार्डामागे मिळणारे कमिशन शेकड्याला दोन-तीन रुपयांच्या आसपास असते आणि त्यातलाही वाटा इतरांना जातो. त्यातून पंचवीस टक्क्यांचा परतावा कायम देत राहणे कोणत्याही बँकेला शक्य नव्हते. महिन्याचा लाख गाठण्यासाठी लोक गिफ्ट व्हाउचर विकत घेऊन ठेवत होते, घरभाडे कार्डावर फिरवत होते. त्यामुळे कपात होणार हे अपेक्षितच होते. माझा आक्षेप कपातीला नाही. कपात झाल्यानंतरही जुन्या कीर्तीवर नवी फी भरत राहणे योग्य आहे का, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आमच्या घरचा कार्डावर जाणारा खर्च महिन्याला सरासरी लाखाच्या आसपास आहे. वर्षाला १२ लाख धरले तर ७२,००० पॉइंट आणि त्यातून २८,८०० माइल्स. त्यातून १४,७५० रुपयांची फी वजा केली की उरतात सुमारे १४,००० रुपये, म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. हा आकडाही प्रत्येक रुपयाला पॉइंट मिळतात असे गृहीत धरून आलेला आहे, आणि प्रत्यक्षात तसे होत नाही. सरकारी देणी आणि वीज-फोनची बिले आधीच वगळली गेली होती. २० एप्रिल २०२४ पासून विम्याचे हप्ते, सोन्याचे दागिने आणि इंधन यांवरही पॉइंट मिळणे बंद झाले. वैद्यकीय विम्याचा हप्ता, पेट्रोल आणि दिवाळीच्या सुमारास सराफाकडे होणारी खरेदी हे सर्वसाधारण घरातले मोठे खर्च असतात. ते बाजूला काढल्यावर उरलेल्या खर्चावर परतावा मोजला तर तो आणखी खाली येतो.

तरीही नव्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे फार कमी जणांचे लक्ष गेले, आणि माझ्या मते हे कार्ड ठेवण्यामागचे एकमेव सबळ कारण तीच आहे. कॅलेंडर महिन्यात दीड लाखाच्या पुढे झालेल्या खर्चावर दर २०० रुपयांना १२ ऐवजी ३५ पॉइंट मिळतात. ५:२ या घटलेल्या प्रमाणानेही हा दर शंभर रुपयांना सात माइल्स इतका होतो, जो भारतातल्या कार्डांत चांगलाच म्हणावा लागेल. त्यामुळे खर्च किती केला यापेक्षा तो कोणत्या महिन्यात केला याला महत्त्व आले आहे. समजा, तीन महिन्यांत तीन लाख रुपये खर्च करायचे आहेत. दरमहा एक लाख केले तर १८,००० पॉइंट, म्हणजे ७,२०० माइल्स. तेच तीन लाख एकाच महिन्यात केले तर पहिल्या दीड लाखावर ९,००० आणि पुढच्या दीड लाखावर २६,२५० असे ३५,२५० पॉइंट, म्हणजे १४,१०० माइल्स मिळतात. खर्च तोच असून जवळपास दुप्पट.

आमच्याकडे घराचे रंगकाम, नवा फ्रिज आणि लॅपटॉप अशी कामे रांगेत होती. ती एकाच महिन्यात आणली आणि फ्रिजचे बिल एक तारखेनंतरचे होईल अशी काळजी घेतली. त्या महिन्याचे पॉइंट जमा झाल्यावर दिसले की इतर कित्येक महिन्यांची बेरीज त्या एका महिन्याला पुरी पडत नव्हती. ज्यांच्या घरी लग्नकार्य ठरले आहे, हॉल, केटरर आणि डेकोरेटर यांची बिले कार्डाने देता येणार आहेत आणि ते लोक त्यासाठी वर दोन टक्के मागत नाहीत, त्यांना हे कार्ड एका वर्षापुरते निश्चित फायद्याचे ठरू शकते. पण दरवर्षी घरात लग्न नसते आणि फ्रिजही नव्याने घ्यावा लागत नाही. पॉइंटसाठी खर्च ओढून आणणे आणि होणारच असलेला खर्च एका महिन्यात बसवणे यांतला फरक ज्याला पाळता येतो, त्याच्यासाठीच ही सोय आहे.

बँकेच्या ट्रॅव्हल एज पोर्टलवरून विमान किंवा हॉटेल बुक केल्यास महिन्याला दोन लाखांपर्यंत पाचपट, म्हणजे २०० रुपयांना ६० पॉइंट मिळतात. एक लाखाच्या बुकिंगवर ३०,००० पॉइंट म्हणजे १२,००० माइल्स हे आकर्षक आहे. मात्र मी प्रत्येक वेळी त्याच विमानाचे भाडे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पाहून घेत असे आणि फरक दिसला की पॉइंटची किंमत त्यातून वजा करत असे. शिवाय उड्डाण रद्द झाले किंवा तारीख बदलायची वेळ आली की मध्ये एक मध्यस्थ असणे किती त्रासाचे असते, हे ज्याने कोणत्याही पोर्टलवरून तिकीट काढले आहे त्याला ठाऊक असेल. देशांतर्गत साध्या प्रवासासाठी पोर्टल ठीक आहे. वयस्कर आई-वडिलांच्या परदेश प्रवासाचे तिकीट मी तिथून काढले नाही आणि काढणारही नाही.

विमानतळावरच्या लाउंजमध्ये (प्रतीक्षेसाठीच्या खास दालनात) कार्डावर मिळणाऱ्या मोफत प्रवेशाचे मोल लोक फार जास्त धरतात. मे २०२४ पासून देशांतर्गत लाउंजसाठी आधीच्या तीन महिन्यांत किमान ५०,००० रुपये खर्चाची अट आली. मुख्य कार्ड म्हणून वापरणाऱ्याला ती सहज पूर्ण होते. पण कार्ड कपाटात ठेवून केवळ लाउंजसाठी जपायचे असे ज्यांनी ठरवले असेल त्यांचा बेत या अटीने मोडतो. एका विमानतळावर माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ जोडप्याचे कार्ड मशीनने दोनदा नाकारले. त्यांचे कार्ड कोणत्या बँकेचे होते ते मला दिसले नाही, पण काउंटरवरच्या मुलीने खर्चाच्या अटीचे कारण सांगितल्यावर त्या आजींनी काही न बोलता पर्स बंद केली आणि दोघे मागे वळले. अटी ई-मेलने कळवल्या जातात, आणि त्या वयाच्या माणसांपर्यंत त्या पोहोचत नाहीत. लाउंजचे मोल मी एकाच पद्धतीने धरतो: ही सवलत नसती तर विमानतळावर चहा आणि इडली-वड्यावर माझ्या खिशातून जे गेले असते तेवढेच. लाउंजच्या दारावर लिहिलेले दर मी कधीच भरले नसते, म्हणून ते माझ्या हिशेबात येत नाहीत.

परदेशातील वापराविषयी थोडक्यात. परकीय चलनावरील आकार दोन टक्के आहे, जीएसटी धरून २.३६ टक्के. मिळणारे माइल्स शंभर रुपयांना २.४. म्हणजे परदेशात हे कार्ड वापरून मिळालेले सगळे माइल्स मी पूर्ण किमतीला विकत घेतो. हा आकार न घेणारी, म्हणजे शून्य मार्कअपची, कार्डे बाजारात असताना हे न पटणारे आहे.

बरगंडी, म्हणजे बँकेच्या बड्या खातेदारांच्या गटातील, ग्राहकांच्या मॅग्नसवर ५:४ हे प्रमाण कायम आहे, त्यामुळे तिकडे वळावे असे सुचवणारे बरेच भेटतात. ज्यांचा निव्वळ पगार दरमहा तीन लाखांच्या पुढे आहे आणि तो याच बँकेत जमा होतो, त्यांनी अवश्य विचार करावा. परंतु एकूण ३० लाखांची ठेव आणि गुंतवणूक एका बँकेकडे आणून ठेवणे, तेही केवळ माइल्सच्या प्रमाणासाठी, मला मान्य नाही. बचत कुठे ठेवायची हे व्याज, सुरक्षितता आणि गरज पाहून ठरवावे. ते कार्डावरून ठरू लागले तर नाकापेक्षा मोती जड झाला असे समजावे.

याच बँकेचे ॲटलास कार्ड समोर ठेवले की नूतनीकरणाचा प्रश्न माझ्यापुरता सुटतो. त्याची फी ५,००० रुपये अधिक जीएसटी. सर्वसाधारण खर्चावर शंभर रुपयांना दोन एज माइल्स (या कार्डावरचे बँकेचे गुण) मिळतात आणि बहुतेक भागीदार योजनांत एकाचे दोन होतात. प्रवासाच्या थेट बुकिंगवर शंभराला पाच. १२ लाखांच्या साध्या खर्चावर २४,००० एज माइल्स, तीन लाख आणि साडेसात लाख या टप्प्यांवर प्रत्येकी २,५०० जादा, असे २९,०००; त्याचे ५८,००० माइल्स होतात. मॅग्नसचे २८,८०० आणि फी अडीचपट. वगळलेल्या खर्चांची यादी दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे. ॲटलासमध्ये सिंगापूर एअरलाइन्ससारख्या मागणी असलेल्या भागीदारांच्या गटात वर्षाला ३०,००० एज माइल्सच हलवता येतात ही मर्यादा खरी, पण आमचा खर्च तिच्या आत बसतो. आणि ज्यांना माइल्सचा खटाटोपच नको, त्यांनी एसबीआयच्या कॅशबॅक कार्डाकडे पाहावे. ऑनलाइन खर्चावर पाच टक्के, महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत, फी ९९९ रुपये अधिक जीएसटी. निम्मा खर्च ऑनलाइन असलेल्या घराला त्यातून मॅग्नसपेक्षा दुपटीहून अधिक निव्वळ रक्कम मिळेल.

साठलेल्या पॉइंटचे काय करावे, हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. इतके पॉइंट पडून आहेत म्हणून कार्ड ठेवायचे, हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला. पण पॉइंट ही ठेव नव्हे; तिच्यावर व्याज नाही आणि तिची किंमत एका रात्रीत निम्मी होऊ शकते, हे ५:४ चे ५:२ झाले तेव्हा सर्वांनी पाहिले. दुसऱ्या बाजूला, घाईने एखाद्या विमान कंपनीकडे सगळे हलवून ठेवणेही धोक्याचे आहे. हलवलेले पॉइंट परत येत नाहीत, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी बाद होतात, आणि योजनाच नाहीशी होण्याचीही शक्यता असते: नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा विमान कंपनीची सदस्य योजना असलेला क्लब विस्तारा एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये विलीन झाला. म्हणून मी आधी प्रवासाच्या तारखा ठरवल्या, हवे ते तिकीट माइल्सवर उपलब्ध आहे का ते पाहिले आणि तेवढेच पॉइंट हलवले. सदस्यत्वावरचे नाव आणि कार्डावरचे नाव अक्षरशः जुळते का, हे आधी तपासून घ्यावे. मराठी नावांत वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येत असल्याने इथे हमखास अडते.

मी नूतनीकरण करणार नाही. उरलेले पॉइंट आधी वापरून, स्वयंचलित हप्ते दुसऱ्या कार्डावर वळवून आणि शेवटचे बिल पूर्ण भरून बंद करण्याचा अर्ज देणार आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसल्यास असा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करणे बँकेवर बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास ग्राहकाला दररोज ५०० रुपये द्यावे लागतात. शुल्कातील बदलाची किमान एक महिना आधी सूचना देणे आणि तो बदल गैरसोयीचा वाटणाऱ्याला जादा आकार न घेता कार्ड परत करू देणे, हेही त्याच निर्देशांत आहे. त्यामुळे फी लागण्याच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी हिशेबाला बसावे. अर्ज लेखी द्यावा, त्याचा क्रमांक जपून ठेवावा आणि कार्ड बंद झाल्याची पोच आल्यानंतरच ते कात्रीने कापावे.