तुटलेली कूलंट लाइन : काउंटरवरचा कोणता इलाज टिकतो, कोणता नाही

जुन्या गाडीत कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) लाइन बऱ्याचदा काम करतानाच तुटते. प्लग काढताना कोपर टेकतं, एअर फिल्टरचा डबा उचलताना होज (रबरी नळी) ओढला जातो, किंवा चिकटून बसलेला होज कोणी पकडीने पिळतो, आणि ज्यावर होज चढवतात ते प्लास्टिकचं नोझल मुळातून सुटून हातात येतं. हे प्लास्टिक म्हणजे काचतंतू घातलेलं नायलॉन. नवं असताना ते चांगलं चिवट असतं, पण आतून वर्षानुवर्षं गरम ग्लायकॉल-पाणी आणि बाहेरून इंजिनची धग सोसून ते खारीसारखं ठिसूळ होतं. त्यामुळे एक नोझल तुटलं की शेजारचंही त्याच वयाचं आहे, हे धरूनच खरेदीला निघावं.

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन नुसतं ‘कूलंट लीक आहे’ म्हटलं, तर समोर पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू येतील. त्यातली कोणती घ्यायची हे ठरवायला एकच कसोटी पुरते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. गरम इंजिनात लाइनीवर साधारण तेवढा बार (दाबाचं एकक) दाब येतो, कूलंट ९० ते १०५ अंशांवर असतं आणि वर इंजिनची थरथर चालूच असते. दाब, उष्णता आणि थरथर ही तिन्ही एकाच वेळी सोसणारी वस्तू तेवढी कामाची.

लीक बंद करणारी पावडर आणि द्रव. तुटलेल्या लाइनीसाठी हे अजिबात घेऊ नका. रेडिएटरच्या नळीला सुईएवढं भोक असेल तर या पावडरीचे कण तिथे अडकून ते बुजवू शकतात. नोझलच तुटलं असेल तर बुजवायला काही उरलेलंच नसतं. मग तेच कण हीटर कोअरच्या (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) बारीक नळ्यांत आणि थर्मोस्टॅटभोवती (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेभोवती) जाऊन बसतात. एका नोझलच्या दुरुस्तीपायी हीटर कोअर बदलायची वेळ आणणारी ही खरेदी आहे.

एम-सील, झटपट गोंद आणि धातूमिश्रित इपॉक्सी. एम-सील नळाच्या आणि टाकीच्या कामाला उत्तम, पण कूलंट लाइन हे त्याचं काम नाही. घरच्या तापमानाला घट्ट होणारं साधं इपॉक्सी ९० अंशांच्या आतच नरम पडायला लागतं. गाडी उभी असताना दगडासारखं लागणारं लिंपण चढावर दाब वाढला की उकलतं, ते म्हणूनच. झटपट गोंद उष्णता आणि ओल दोन्हींपुढे हार मानतो.

जे-बी वेल्डसारख्या धातूमिश्रित इपॉक्सीची गोष्ट वेगळी. मूळ प्रकार कंपनीच्या माहितीप्रमाणे २८७ अंशांपर्यंत टिकतो, ४ ते ६ तासांत बसतो आणि पूर्ण कडक व्हायला १५ ते २४ तास घेतो. इथे अडचण उष्णतेची नसून पकडीची आहे. ग्लायकॉल मुरलेल्या नायलॉनवर कोणतंच चिकटवण नीट धरत नाही. म्हणून दोन तुकडे नुसते टोकाला टोक लावून चिकटवण्यात अर्थ नाही. आत पितळेच्या पातळ नळीचा कणा घाला, दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, ॲसिटोनने पुसा आणि मगच इपॉक्सी भरा. नळीमुळे आतला मार्ग थोडा अरुंद होतो हे लक्षात असू द्या. असा जोडही नवा भाग येईपर्यंतच चालवायचा.

पितळी जॉइंट (दोन होज जोडणारी आखूड नळी) आणि नवा ईपीडीएम (गरम कूलंट सोसणाऱ्या रबराचा) होज. तुटलेला भाग सरळ नळीचा किंवा होजमधला असेल तर आमची पसंती डोळे झाकून हीच. नीट बसवलेला जॉइंट होजच्या पुढच्या आयुष्यभर टिकतो, त्याला तात्पुरता जुगाड म्हणायचं कारण नाही. हीटरच्या लाइनीला बहुधा १६ मिमी आतल्या व्यासाचा होज असतो, काही गाड्यांत १९ चा. थ्रॉटल बॉडीला आणि ओव्हरफ्लोला जाणारी बारीक लाइन ८ च्या आसपास. अंदाजाने न घेता व्हर्नियरने मोजा: नोझलचा बाहेरचा व्यास आणि होजचा आतला. जॉइंटच्या दोन्ही टोकांना फुगीर कडा किंवा खाचा हव्यात. गुळगुळीत नळी कितीही आवळली तरी दाबाने हळूहळू बाहेर सरकते.

दुकानदार हाताशी असलेलं काही वेगळंच देत असेल तर नाही म्हणा. प्लंबिंगच्या सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंशांची, तीही कमी दाबाला. इंजिनात ती रोज ओलांडली जाते. जीआयच्या निपलवरचा जस्ताचा थर कूलंटला मानवत नाही, त्याचा गाळ होतो. पेट्रोलचा होज दिसायला तसाच असला तरी त्याचं रबर गरम कूलंटसाठी नसतं. पारदर्शक लेव्हल ट्यूब तर गरम पाण्यातच लिबलिबीत होते. होजवर ‘ईपीडीएम’ किंवा ‘एसएई जे२०’ असं छापलेलं बघून घ्या.

कामाला लागण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड हवं. वरचा मोठा होज दाबून बघा. टणक लागला तर आत अजून दाब आहे, झाकणाला हात लावू नका. तुटलेल्या नोझलचे तुकडे होजमधून काढून एकमेकांना जुळवून पाहा. एखादा तुकडा कमी असेल तर तो पाण्याबरोबर वाहत जाऊन थर्मोस्टॅटमध्ये अडकू शकतो, आणि मग थर्मोस्टॅट बंद होत नाही किंवा उघडत नाही. हे जुळवून बघणं गडबडीत हमखास राहून जातं.

जुना होज ओढून काढू नका. तो बदलायचाच असेल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देऊन सोलून काढा, म्हणजे उरलेली नोझलं वाचतात. चीर देताना ब्लेडचं टोक नोझलवर ओरखडा पाडणार नाही एवढं सांभाळा, नाहीतर गळती तिथूनच सुरू होते. होज ठेवायचा असेल तर कडक झालेलं टोक १५-२० मिमी कापून टाका. काप धारदार ब्लेडने आणि काटकोनात हवा. हॅक्सॉने रबराचा चुरा आत पडतो. जॉइंट दोन्ही बाजूंनी निदान २५ मिमी आत गेला पाहिजे. बसायला जड जात असेल तर थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल मात्र नको, त्याने ईपीडीएम फुगतं. टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका. होजच्या जोडाला तिचा उपयोग नाही आणि सुटलेले धागे आत जातात.

होज क्लिप. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त फसवणारी. १६ मिमी होजचा बाहेरचा व्यास साधारण २४ भरतो, म्हणून १६–२७ किंवा २०–३२ मापाची क्लिप घ्या. फार मोठी क्लिप आवळली की गोल राहत नाही, स्क्रूच्या खाली फट पडते. हलक्या पत्र्याच्या क्लिपा गंजतात आणि त्यांची धार रबर कापते. कडा वळवलेली स्टेनलेसची क्लिप घ्यावी. ती होजच्या टोकापासून ३ ते ५ मिमी आत आणि जॉइंटच्या फुगीर कडेच्या मागे बसवा, कडेवर नको. क्लिपच्या दोन्ही बाजूंना रबर किंचित वर आलं की आवळणं थांबवा. गाडीवर कंपनीची स्प्रिंग क्लिप असेल आणि तिची ताकद शाबूत असेल तर तीच परत लावा. रबर तापून-थंड होऊन दबलं तरी ती आपोआप पकड धरून राहते. सिलिकॉनचा होज घेतला असेल तर साधी खाचांची क्लिप त्याला कापते, त्याला आतून अस्तर असलेली क्लिप लागते.

नोझल हाउसिंगच्या अगदी कडेला तुटलं असेल तर. वॉटर बॉडी (म्हणजे हे हाउसिंग) ॲल्युमिनियमची असेल तर भोक ड्रिल करून आटे पाडायचे आणि पितळी बार्ब निपल (होज पकडणाऱ्या खाचांचं नोझल) बसवायचं. समांतर १/८ बीएसपीला (बीएसपी हे पाइपच्या आट्यांचं माप) ८.८ मिमी आणि १/४ बीएसपीला ११.८ मिमी ड्रिल लागतो. हे काम हाउसिंग गाडीवरून उतरवूनच करायला हवं, म्हणजे धातूचा भुगा आत जात नाही. ॲल्युमिनियमवर हा उपाय पक्का आहे. प्लास्टिकच्या हाउसिंगवर आम्ही तो सुचवत नाही. आटे पाडतानाच ठिसूळ भिंत चिरते.

पूर्ण भाग बदलणं. प्लास्टिकच्या भागाला खरा इलाज हाच. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यात जोडलेल्या पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं उदाहरण घ्या. हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) बाजूचा कूलंट फ्लँज (नोझलं असलेला, बोल्टने बसणारा भाग) प्लास्टिकचा, त्याला ओ-रिंग (रबरी कडी). तो इपॉक्सीने जगवत बसण्यापेक्षा नवा फ्लँज आणि नवी ओ-रिंग घेणं शहाणपणाचं. बसण्याची जागा स्वच्छ घासून कोरडी करा, ओ-रिंगवर सिलिकॉन सीलंट फासू नका, आणि एम६ बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या वर आवळू नका, नाहीतर नवा फ्लँजही तिथेच तडकेल. भंगारातून प्लास्टिकचा भाग घेणं म्हणजे तेवढाच म्हातारा भाग पैसे देऊन आणणं. ॲल्युमिनियमची वॉटर बॉडी मात्र भंगारातली चालते, फक्त नोझलच्या तोंडाशी गंजाचे खड्डे नाहीत ना ते बोट फिरवून बघा.

रस्त्यात अडकलात तर. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप डिकीत असावी. होजच्या बारीक चिरेवर ती चांगली चालते, पण होज कोरडा करून, टेप दुप्पट-तिप्पट ताणून आणि अर्धी-अर्धी चढवत गुंडाळली तरच. तुटलेल्या नोझलवर तिचा उपयोग नाही. हीटरची लाइन तुटली असेल तर बऱ्याच गाड्यांत इंजिनची हीटरकडे जाणारी आणि येणारी तोंडं एका यू-आकाराच्या होजने जोडून हीटर वगळता येतो. सरळ होज वाकवून जोडला तर मुरगळतो आणि प्रवाह अडतो, हे विसरू नका. आपल्याकडच्या हवेत हीटरविना वर्ष सहज निघतं, आणि पावसाळ्यात काचेवरची वाफ एसीनेही जाते.

अशा वेळी तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. पाणी निघून गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. काटा अचानक पडला आणि हीटरमधून थंड हवा येऊ लागली तर लगेच इंजिन बंद करा. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही, आणि त्यानंतरचा खर्च जॉइंटच्या कितीतरी पट असतो.

भरणं आणि तपासणं. गॅरेजकडे काम दिलं असेल तर दोन गोष्टी मागून घ्या: प्रेशर टेस्ट आणि लाइनीत अडकलेली एअर (हवा) काढणं. हातपंपाने झाकणावरच्या आकड्याएवढा दाब देऊन १५ मिनिटं काटा हलता कामा नये. हा पंप नसलेलं गॅरेज ‘चालवून बघू’ म्हणतं. तिथे जुन्या गाडीचं कूलंटचं काम देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भरताना हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, हळूहळू भरा, होज दाबत राहा, आणि फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन आयडलवर ठेवून पातळी बघा. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी मिसळा. बोअरवेलचं पाणी नको, त्याचा क्षार आत जमतो. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. रंग बघून कूलंट निवडू नका, मॅन्युअलमधला दर्जा बघा. न जुळणारी दोन कूलंट एकत्र आली तर तपकिरी चिखल होऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना पातळी पुन्हा बघा आणि क्लिपा किंचित आवळा, कारण रबर पहिल्यांदा तापून थंड झालं की थोडं दबतं. जुनं कूलंट परातीत किंवा ट्रेमध्ये धरून बंद डब्यात ठेवा. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.