गौताळा अभयारण्यात वर्षभर वापरलेला ईट्रेक्स २२एक्स

अंतूर किल्ल्याच्या वाटेवर गेल्या श्रावणात धुकं उतरलं आणि माझ्या जुन्या जीपीएस रिसीव्हरचा (उपग्रहांवरून आपली जागा दाखवणारं हातातलं यंत्र) टचस्क्रीन ओल्या बोटांना दादच देईना. सोबत बारा पोरं होती. घरी आले आणि ठरवलं, आता बटणांचाच घ्यायचा.

गार्मिन ईट्रेक्स २२एक्स घेतला. पडदा २.२ इंचाचा, पण कन्नड तालुक्यातल्या वैशाखी उन्हात तो उलट जास्त स्वच्छ दिसतो. अंगठ्याची दांडी पावसात, हातमोज्यातही चालते. दोन पेन्सिल सेल (AA) लागतात. कंपनी २५ तास सांगते, माझे दोन दिवस आरामात निघतात. सेल संपले तर पायथ्याच्या किराणा दुकानातही मिळतात, माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. चार्जिंगचे सेल घालत असाल तर सेटिंगमध्ये तसा प्रकार निवडा, नाहीतर बॅटरीची पट्टी चुकीची दिसते.

आतला मूळ नकाशा अगदीच ढोबळ आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा टाकून घ्या. नकाशावर खूण केलेल्या जागेचं नाव दांडीने एकेक अक्षर निवडून लिहिताना जीव जातो, म्हणून मी पाणवठ्यांना नुसते आकडे देते.

आणि निघण्याआधी मोकळ्यावर पाच मिनिटं थांबा. यंत्राने उपग्रहांचा सिग्नल धरल्याशिवाय झाडीत शिरू नका.